जगताप बाईंचा संदर्भ

“उद्या नळाला पाणी येणार,” असं गल्लीत कुणी म्हटलं, की जगताप बाई विचारायच्या, “कुणी सांगितलं? त्यानं सोता बघितलं का?” बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. आमच्या गल्लीत त्यांच्यापुढे बातमी सांगायला लोक बिचकत.

पण माझी त्यांच्याशी पहिली गाठ पडली ती इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात, आणि तीही भांडणातून. तिथं कुणीही लिहावं, कुणीही खोडावं. चितेगावच्या पुढं माझं आजोळ आहे. त्या गावाच्या पानावर मी मोठ्या अभिमानानं लिहिलं, ‘येथील बारव कधीच आटलेली नाही.’ मामा लहानपणापासून तसंच सांगत आला होता. तासाभरात वाक्य गायब. कारण दिलेलं : ‘संदर्भ द्या.’ मी परत लिहिलं, परत गेलं. असं अकरा वेळा झालं. एका वाक्यासाठी एवढा आटापिटा! माझं डोकं फिरलं. ‘आपण या गावात कधी पाऊल तरी ठेवलंय का?’ मी विचारलं. उत्तर आलं, ‘प्रश्न माझ्या पावलांचा नाही. संदर्भ द्या.’

काही महिन्यांनी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत तेच वाक्य छापून आलं. मी ते संदर्भ म्हणून ठोकून दिलं. ‘वार्ताहराला हे कुणी सांगितलं, विचारलंत का?’ एवढंच लिहून समोरची व्यक्ती बाजूला झाली. मी कशाला विचारतोय? मी जिंकलो होतो.

पुढे ज्ञानकोशाच्या संपादकांच्या एका मेळाव्यात कळलं, की ती व्यक्ती म्हणजे आमच्याच गल्लीतल्या बाई. मग येणंजाणं वाढलं. बारवेचा विषय मात्र त्यांनी कधी काढला नाही.

मग पावसानं सलग दोन वर्षं दगा दिला. मी मामाकडे गेलो. शहर सरकत सरकत गावापर्यंत आलेलं, शेतांत प्लॉट पडलेले, घरं उभी राहिलेली. वसाहतीच्या कमानीवर माझं वाक्य रंगवलेलं होतं, शब्दाला शब्द. कमानीखाली टँकरची रांग होती. बारवेत डोकावलो, तर तळाला भेगा. पुरवणीतलं वाक्यही त्या अकरांपैकी कुठल्यातरी तासाभरात माझ्याच पानावरून उचललेलं, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

तसाच बाईंकडे गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, “बहात्तर सालीबी आटली व्हती. मी नऊ वर्षांची. माय गाळ काढाया उतरली अन् वरून दरड आली. मी काठावरच व्हते.”

“बाई, मग तेव्हाच का नाही सांगितलं?”

“मी म्हंजे काय संदर्भ हाय का? लई कचेऱ्या पालथ्या घातल्या. मायचं नाव कुठंच नाय. मला म्हाईत हाय म्हणून मीबी लिवलं असतं, तर तुमच्यात अन् माझ्यात फरक काय ऱ्हायला?”

मी त्याच दिवशी ते वाक्य काढलं. त्यांच्या मायबद्दल लिहू का, विचारलं, तर मान हलवून नको म्हणाल्या. मागच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. त्या पानावर आजही बारवेबद्दल एक अक्षर नाही.

आता हे छापून येईल. उद्या कुणी याचाच संदर्भ देईल. बाई असत्या तर मलाच विचारलं असतं, सोता बघितलं का? नाही बघितलं, बाई. जिनं बघितलं होतं, तिला मी विचारलं होतं, या गावात कधी पाऊल तरी ठेवलंय का?