मागल्या तारखेचा करार

पेठ वडगावच्या सोनूबाई कांबळे सही करायला कधी कचरल्या नव्हत्या. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात गिरवलेलं आपलं नाव त्या ठसठशीत लिहायच्या. पण २००५ सालच्या सप्टेंबरात शिरोलीच्या फौंड्रीतल्या ऑफिसात त्यांच्यापुढं नऊ पानांचा इंग्रजी करार आला आणि त्यांचा हात मांडीवरून हललाच नाही.

"शनिवारपर्यंत द्या," राजवर्धनसाहेब म्हणाले. मालकांचे हे पुतणे, वर्षापूर्वीच कारभार बघायला लागलेले. "नेहमीचाच हाय. कायदा बदललाय म्हणून नवीन छापलाय."

"कसला कायदा, साहेब?"

"टॅक्सचा. तुम्हाला काय करायचंय त्यात?"

सोनूबाईंनी कागद पिशवीत घातले. वडगावच्या एसटीत बसल्यावरही पिशवी त्यांनी पोटाशी धरून ठेवली होती.

याच फौंड्रीत त्या १९९१ साली रोजानं कामाला लागल्या होत्या. लोखंड ओतताना साच्यात पोकळी राहावी म्हणून वाळूचे गाभे बसवतात, त्यांना कोअर म्हणतात. ते करायचं काम बायकांचं. हात हलका लागतो, आणि सोनूबाईंच्या हातचा कोअर फुटत नसे. १९९७ साली कंपनीनं सांगितलं, आता बायका आमच्या पटावर नकोत, सोनूबाई, तुम्हीच कंत्राटदार व्हा, बायका तुम्ही आणा. त्या दिवशी त्यांनी उभ्या उभ्या सही केली. घरी येऊन नवऱ्याला, केरबांना, कौतुकानं सांगितलंही होतं.

त्या सहीचा अर्थ कळला तो पाच वर्षांनी. त्यांनी आणलेल्या बायकांपैकी धोंडुबाईचा हात भट्टीत भाजला. सोनूबाई तिला घेऊन कामगार विम्याच्या दवाखान्यात धावल्या, तर तिथं तिचं नावच नव्हतं. कंपनीनं करार काढून दाखवला. बायकांचा विमा, फंड, सगळं कंत्राटदाराकडं. धोंडुबाईचं औषधपाणी सोनूबाईंनी निस्तरलं आणि मग सगळ्या बायकांची नावं विम्यात घातली. धोंडुबाईची दोन बोटं मात्र वाकडी राहिली ती राहिलीच.

आता बायका बावीस झाल्या होत्या. मुलगी रूपाली बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तिनं करार दोनदा वाचला आणि म्हणाली, "आई, इंग्रजी कळतंय, पण ह्यांचा डाव कळत न्हाय. राजारामपुरीत क्रांती मॅडम हायत, करसल्लागार. त्यांना दाखवू."

क्रांती मॅडमचं ऑफिस एका कोचिंग क्लासच्या वर होतं. मॅडम तिशीच्या, बोलायला रोखठोक. करार उघडण्याआधी त्यांनी विचारलं, "बायकांची हजेरी कोण घेतं?"

"कंपनीचा फोरमन."

"काम कोण सांगतं?"

"त्योच."

"पैसे दिवसावर, का कोअरच्या नगावर?"

"दिवसावर."

"मग तुम्ही माणसं पुरवताय. सोळा जूनपासून त्यावर सेवा कर लागू झालाय. वर्षाची उलाढाल चार लाखांच्या आत असती तर सुटला असता. तुमची नाही." मॅडम पानं उलटू लागल्या. सोनूबाईंची नजर त्यांच्या बोटावर. बोट चौथ्या पानावर थांबलं. "हे बघा. दरात सगळे कर धरलेत, आजचे आणि पुढं येतील तेही. म्हणजे कर तुमच्या पदरचा." मग त्या पुन्हा पहिल्या पानावर आल्या. "आणि तारीख घातलीय एक एप्रिल. आज सप्टेंबर. सही केलीत तर जूनपासूनच्या ज्या बिलांचे पैसे तुम्ही बायकांना वाटूनही टाकलेत, त्यांचाही कर तुम्हीच भरायचा, असं कबूल केल्यासारखं होईल."

सोनूबाईंनी विचारलं, "सही न्हाय केली तर?"

"तर काम जाईल कदाचित. ते मी नाही सांगू शकत. पण एक सांगते. तुम्ही बिलात कर वेगळा दाखवलात, तर कंपनीला तो आपल्या करातून वजा करता येतो. त्यांचं काही जात नाही. हे त्यांच्या ऑडिटरला विचारायला सांगा. आणि वीसच्या वर बायका आहेत, मजूर ऑफिसचं कंत्राटदाराचं लायसन आहे ना?"

लायसन होतं. तेवढ्यावर सोनूबाई पहिल्यांदा समोरचं पाणी प्यायल्या.

शनिवारी त्यांनी करार सही न करताच परत दिला. कर वेगळा लावायचा आणि तारीख आजची घालायची, एवढंच म्हणाल्या. ऑडिटरचंही सांगितलं.

राजवर्धनसाहेब तापले. "कायदा मला शिकवताय? बाळासो कंत्राटदार उद्या बायका घेऊन यील. सोमवारपासून येऊ नका."

सोमवारी बावीस बायका घरी बसल्या. मंगळवारीही. त्यांतली शालूबाई रोज सकाळी दारात यायची. तिच्या घरात कमावणारी ती एकटी. "सोनूआक्का, कर की सही. पुढचं पुढं बघू."

"मागचंच तर लिवलंय त्यात, शालू."

"पोरं कागद खात्यात व्हय?"

आपण बावीस घरांच्या चुलीशी खेळतोय, असं सोनूबाईंच्या मनात येई, आणि हातातलं काम तसंच राही. केरबा ताटातली भाकरी तशीच ठेवून उठत. सहाव्या दिवशी कोणीतरी सांगत आलं, बाळासोच्या बायका कामाला लागल्या. त्या दिवशी सोनूबाईंनी पिशवी उचलली, चप्पल घातली आणि सही करायला निघाल्या.

वाटेत धोंडुबाई भेटली. कुठं निघालीस विचारलं आणि ऐकून तिथंच उभी राहिली. "माझ्यासाठी न्हाय म्हनत," ती म्हणाली. "पर तवा कागुद वाचला असतास, तर तू रडली नसतीस एवढी. दोन दिस थांब."

सोनूबाई परतल्या. ते दोन दिवस फार जड गेले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला, ऑफिसात या. बाळासोच्या बायकांचे निम्मे कोअर फुटत होते. शिवाय ऑडिटरनं सांगितलं होतं की कराची वजावट मिळते आणि मागली तारीख कंपनीलाही अडचणीची ठरेल.

साहेबांनी नवीन करार पुढं केला. कर वेगळा, तारीख त्या दिवशीची. मात्र पंधरा दिवसांच्या नोटिशीत काम बंद करता येईल, असं एक कलम वाढवलं होतं. सोनूबाईंनी बरोबर आणलेल्या रूपालीला सगळं वाचायला लावलं, ते कलम दोनदा, आणि मग सही केली. शालूबाई दुसऱ्या दिवशी कामाला आली, पण पंधरवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

२००८ च्या अखेरीस मंदी आली आणि कंपनीनं तेच कलम वापरलं. तीन महिने काम नव्हतं. मग गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यानं बोलावलं, कारण लायसन, फंड, कराची नोंदणी, सगळं जागेवर होतं. बावीसपैकी चौदा बायका बरोबर आल्या.

धास्ती मात्र गेली नाही. सेवा कराच्या सहामाही विवरणपत्राची मुदत जवळ आली की सोनूबाईंची झोप उडे. रूपाली सांगे, चलन भरलंय, पावती माझ्याकडं हाय. "दाखव," त्या म्हणत. शिक्का नीट उमटलाय का ते उजेडात धरून बघत, आणि मग कुठं जेवायला बसत.