पडद्याआड वाजलेला चेलो

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर भाची सायली न्यायला आली होती. पाया पडायला वाकता वाकताच तिनं बजावलं, "मावशी, शनिवारी मुक्ताची ऑडिशन आहे. घरात तो विषय काढू नकोस हं." घ्या! मी आपली चकल्यांचे डबे घेऊन चार दिवस मजेत घालवायला आलेले, आणि इथे बारावीच्या परीक्षेसारखं वातावरण. ही दोन हजार सात सालची गोष्ट.

सायली बँकेत आहे, जुरोंग ईस्टला राहते. फ्लॅटच्या खिडकीतून एमआरटीची, म्हणजे तिथल्या मेट्रोची, गाडी अगदी हाताशी आल्यासारखी दिसते. हॉलमधली सगळ्यात चांगली जागा मुक्ताच्या चेलोनं अडवलेली. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, गुडघ्यांत धरून वाजवायचा. मुक्ता म्हणजे सायलीची लेक, पंधरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत.

विषय काढायचा नव्हता, पण मी कसली गप्प बसते! सायलीला स्वयंपाकघरात गाठलं. शहरातल्या युवा ऑर्केस्ट्रासाठी मुक्तानं गेल्या वर्षी ऑडिशन दिली होती. परीक्षकांपैकी एक गृहस्थ गोड हसून म्हणाले, "तुम्हा इंडियन लोकांचा ताल काय सुरेख! तू तबला का नाही शिकत?" निवड झाली नाही. पोरीनं महिनाभर चेलोला हात लावला नाही.

"यंदा पुन्हा तसं झालं तर ती सोडून देईल गं," सायली म्हणाली.

माझं डोकं असं फिरलं! मी सांगलीत तीस वर्षं गाणं शिकवते. रोज सकाळी दार लोटून मुक्ता वाजवायची तेव्हा मी चहा गार करत ऐकत बसायचे. त्यातलं शास्त्र मला कळत नव्हतं, पण सूर खरा आहे की खोटा हे मला कुणी शिकवायला नको.

यंदा मात्र पडदा होता. काही पालकांनी तक्रार केली म्हणून परीक्षक पडद्याच्या एका बाजूला, वाजवणारा दुसऱ्या बाजूला. नाव नाही, फक्त नंबर. पावलांवरून मुलगा की मुलगी ओळखू नये म्हणून बूटसुद्धा बाहेर काढायचे. मला तर बैठकीला आल्यासारखंच वाटलं. सगळ्यांना एकच तुकडा वाजवायचा होता. शनिवारी आम्ही पालक बाहेर बाकावर बसलो.

मुक्ता आत गेली. त्या तुकड्यात शेवटी एक सूर हळूहळू खाली उतरतो. तो तिनं असा उतरवला, असा अलगद टेकवला, की माझ्या तोंडून गेलंच, "वाऽऽ! क्या बात है!"

बाहेरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आत खुर्ची सरकली.

"मावशी! अगं काय केलंस हे!" सायलीचा चेहरा पांढराफटक पडला.

दार उघडून संयोजकांपैकी एक तरुण चिनी बाई बाहेर आली. "आंटी, कॅनॉट, ला!" ती कळवळून म्हणाली. ('ला'चं शेपूट तिथे सगळेच लावतात.) पडदा लावून जे झाकलं होतं ते मी एका दादेत उघडं पाडलं होतं. आत सल्लामसलत झाली आणि निर्णय आला: नंबर बदलून, क्रम बदलून सगळ्यांनी पुन्हा वाजवायचं, आणि पालकांनी खाली जायचं. बाकीच्या आयाबापांनी माझ्याकडे जे पाहिलं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

खालच्या कॉफीशॉपमध्ये सायलीनं माझ्यापुढे कोपी (कंडेन्स्ड मिल्क घातलेली कडक कॉफी) आणि काया टोस्ट (नारळाचा गोड लेप लावलेला पाव) ठेवला आणि तोंड फिरवून बसली. भीतीनं मी दोन टोस्ट संपवले. त्या लेपात अंडं असतं हे माझ्यासारख्या शाकाहारी बाईला नंतर कळलं. जाऊ दे, त्या दिवशी देवाला माझी मोठीच चूक निस्तरायची होती.

बऱ्याच वेळानं एक पांढऱ्या केसांची चिनी बाई छत्री टेकत आमच्या टेबलाशी आली. परीक्षकांपैकीच एक. आम्ही धडपडून उठलो.

"वाहवा कुणी केली?" तिनं इंग्रजीत विचारलं. मी शाळकरी मुलीसारखा हात वर केला.

ती बसली. "मी परदेशात पियानो शिकले. तिथे मला सांगायचे, तुम्हा लोकांना बोटं आहेत, हृदय नाही. म्हणून या पडद्यासाठी मी भांडले, आणि तुम्ही..." मग एकदम हसली. "निवड झाल्यावरच आम्ही पडदा काढला. चेलोसाठी तुमचीच मुलगी निवडली. दुसऱ्यांदा जास्त छान वाजवलं तिनं. रागावली असावी."

सायली माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, लाजायचं काय त्यात! उरावरचा धोंडा उतरला होता. तेवढ्यात मुक्ता चेलो पाठीवर घेऊन जिना उतरली. "आजी, कॉन्सर्टला नो स्क्रीन, ला," ती म्हणाली. "देन यू शाउट."

सांगलीला परतले तो आमच्या गायन स्पर्धेचे दिवस आलेले. दरवर्षीप्रमाणे मी परीक्षक. संयोजक पहिल्या स्पर्धकाचं आडनाव वाचणार, तोच मी म्हटलं, "थांबा. आडनावं वाचू नका. आणि मध्ये एक चादर बांधा."

लोक हसले. "बाई सिंगापूरला जाऊन आल्यात," कुणीतरी म्हणालं. म्हणू देत. चादर बांधली. तिसऱ्या की चौथ्या गळ्यातून असा गंधार लागला की अंगावर काटा आला, आणि तो गळा कुणाच्या घरचा हे मला माहीत नव्हतं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ऐकत राहिले.