गोळीचं माप

दुकानदाराने काचेच्या काउंटरवर तीन काडतुसं उभी केली. एक बारीक, एक मधलं आणि एक माझ्या अंगठ्याएवढं जाड. शेजारी रायफल ठेवली. चापाभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली की पुढची गोळी आपोआप आत जाते, आणि ही रायफल तिन्ही मापांत मिळते, असं तो म्हणाला.

"काय मारायचंय, काका? त्यावर माप ठरतं."

मी तोंड उघडायच्या आधीच स्टुलावर बसलेली बायको म्हणाली, "मारायचं कशाला हो? आम्हांला नुसतं झोपायचंय."

खरंच होतं ते. भुईमुगाला शेंगा धरल्यापासून रानडुकरांपायी आम्ही दोघं आळीपाळीने मचाणावर डबे बडवत बसत होतो. परवाना हातात पडेपर्यंत निम्मं शेत उकरून झालं होतं.

मी ती काडतुसं बोटांत फिरवत राहिलो. कुणीतरी, कुठेतरी बसून ठरवलं असेल, की कुठल्या जिवाला केवढं भोक पुरेल. कातडीची जाडी, हाडाचा टणकपणा, सगळं बघितलं असेल. आमच्या डोळ्यांवरच्या झोपेला यातलं कुठलं लागू पडेल, हे कुणाला विचारायचं?

"जाड घेतलंत तर खांदा दुखेल. मधलं घ्या, डुकराला पुरतं," म्हणत दुकानदाराने कडी खाली ओढून दाखवली.

बायकोला विचारावं म्हणून मी वळलो. ती भिंतीला डोकं टेकून गाढ झोपली होती.

दुकानदाराने कडी तशीच धरून ठेवली. वर घेतली असती, तर खट्ट वाजली असती.