उत्तरेकडचं वळण

काका बावीस वर्षांनी परतले ते दोन बॅगा घेऊन. विषुववृत्ताच्या खालच्या एका देशात ते विमान चालवायला शिकवत. काकू तिकडेच वारल्या. मूलबाळ नव्हतं. आमच्या फ्लाइंग क्लबात प्रशिक्षकाची एकच जागा रिकामी होती. चाचणीत पास झाले तर जागा त्यांची आणि ते उतरले होते ती हँगरमागची खोलीही. नाहीतर महिनाअखेर खोली सोडायची.

मी क्लबच्या कचेरीत कागदपत्रं बघतो. साहित्यात एम.ए. केलेल्याला आणखी काय येणार, असं काका म्हणायचे. दुपारी माझ्याच टेबलावर डबा उघडायचे. दोघांचं रांधायची सवय जात नाही म्हणून अर्धा मला द्यायचे.

होकायंत्र खोटं बोलतं, हे मला त्यांनीच सांगितलं. विमान सरळ जातंय तोवर ते शहाणं. वळायला लागलं की बिघडतं. आपल्याकडे उत्तरेला वळताना ते मागे रेंगाळतं, म्हणून त्यावर उत्तर दिसायच्या आधीच वळण थांबवायचं. विषुववृत्ताखाली नेमकं उलटं. तिथे ते पुढे पळतं, म्हणून उत्तर ओलांडून थांबायचं.

परीक्षक काकांचाच, परदेशी जाण्याआधीचा विद्यार्थी निघाला. आकाशात त्याने दिशा दाखवणारी बाकीची यंत्रं झाकली आणि पूर्वेकडून उत्तरेला वळायला सांगितलं. काकांनी उत्तर ओलांडली. होकायंत्र स्थिरावलं तेव्हा विमानाचं नाक वायव्येला होतं. दुसऱ्या खेपेला ते अचूक वळले.

हे सगळं मला कळलं ते दोघं माझ्या टेबलाशी येऊन हुज्जत घालू लागले तेव्हा.

"सर, सवयीचा भाग आहे. मी दुसरी खेप धरतो."

"ढगात दुसरी खेप मिळते का रे?"

"आठवड्यात हात बसेल तुमचा."

"आणि आठवडाभर पोरांनी काय करायचं? नापास लिही."

"सर, ऐका तरी."

"तुला मी दोनदा नापास केलं होतं. फेड आता पांग."

परीक्षक हसला नाही. त्याने लिहिलं, फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि निघून गेला.

"शेरा नीट टाइप कर," काका म्हणाले. "त्यात साहित्य घालू नकोस."

"पुन्हा चाचणी द्या ना."

"जागा थांबेल?"

थांबणार नव्हती. दुसरा उमेदवार सोमवारी येणार होता.

"मग जाणार कुठे?"

"तिकडेच."

"तिकडे कोण आहे तुमचं?"

"कोणी नाही. पण तिकडे हात बरोबर चालतात."

ते नुसते गप्प बसले असते तरी पास झाले असते. मला हे अजून पचलेलं नाही.

महिनाअखेरीस त्यांनी खोली झाडूनपुसून दिली. किल्ली ताब्यात घेऊन पोच लिहून देणं माझं काम. मी लिहून दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, तारीख चुकली होती ती दुरुस्त करायला लावली, आणि बॅगा उचलल्या.