रेक भरल्यावर सांगू

भावकू मुकादमाची टोळी बारा माणसांची, सगळी खानापूरकडच्या एकाच गावची. गोव्याच्या बंदरात बोटीतून उतरलेल्या खताची पोती पाठीवरून रेल्वेच्या वाघिणीत चढवायची, हा त्यांचा धंदा. नऊ तासांत रेक, म्हणजे वाघिणींची मालगाडी, भरून सुटली नाही तर रेल्वे दंड लावते आणि ठेकेदार टोळीच बदलतो. म्हणून पाळी सुरू झाली की सगळ्यांचे मोबाईल भावकूच्या पिशवीत. घरचा निरोप आला तर तो एकटा ऐकणार. कुणाचं पोर पडो, कुणाची म्हैस मरो, त्याचं उत्तर ठरलेलं: रेक भरल्यावर सांगू. पंचवीस वर्षांत त्याची एकही रेक उशिरा सुटली नव्हती, आणि त्याचा त्याला कोण तोरा!

त्या दिवशी सकाळी आठला सौम्याचा, म्हणजे त्याचा भाचा रवळू याच्या बायकोचा फोन आला. "मामा, सासूबाईंचं काय खरं न्हाय. सारखं लेकाला बलवा म्हणत्यात. लगीच लावून द्या."

सासू म्हणजे आक्काताई, भावकूची सख्खी बहीण. समोर रवळू पोतं घेऊन फळीवर चढत होता. अकरा माणसांत टोळीच्या वाट्याच्या राहिलेल्या तीन वाघिणी वेळेत भरल्या नसत्या. आक्का चिवट बाई, दुपारपर्यंत तिला काही होत नाही, असं भावकूनं स्वतःला समजावलं.

"मामा, कुणाचा फोन?"

"ठेकेदाराचा. तू पोतं उचल."

बाराला पुन्हा फोन आला. आक्का गेली. भावकू वाघिणीच्या आडोशाला तोंडात मूठ कोंबून रडला, डोळे पुसले आणि राहिलेली वाघीण भरून घेतली. काय काळीज म्हणावं याचं!

दोनला रेक सुटली. मग तो रवळूला म्हणाला, "तुझ्या आईला जरा बरं न्हाय. चल." जीपमध्ये रवळूनं मोबाईल मागितला, तर भावकू म्हणाला, घाटात रेंज न्हाय.

खानापुरात भावकूनं जीप थांबवली. मेलेल्या बहिणीच्या अंगावर भावाचं लुगडं पडावं लागतं. रिकाम्या हातानं जाणं त्याच्यानं होईना, म्हणून कापडाच्या दुकानातून तो एक पुडकं घेऊन आला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. रवळूनं पुडकं सोडलं, तर आत पांढरं लुगडं. आजारी बहिणीला असलं लुगडं कुणी नेत नाही.

"कवा गेली?"

"बाराला."

"आन पयला फोन?"

"आठला."

आठला निघालेला माणूस अकराला गावात पोचतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दारात तिरडी बांधून तयार होती. भावकीतली म्हातारी रुक्माबाई म्हणाली, "भाऊ आला बघ. भावाचं लुगडं घाला गं तिच्या अंगावर."

भावकू पुढं झाला. रवळूनं छातीवर हात देऊन त्याला मागं ढकललं. "हिला भाऊ न्हाय. हाय त्याच लुगड्यात न्हेतो मी."

भावकूची बाजू कुणी घेतली नाही. त्याच्या टोळीतल्या माणसाचं एकही घर असं नव्हतं, ज्याचा निरोप त्यानं कधी दाबला नव्हता.

तिरडी उचलली, तेवढ्यात ठेकेदाराचा फोन आला. उद्या सहाला दुसरी रेक लागतेय, माणसं किती?

"अकरा, साहेब."

"अकरांत भागत न्हाय. ऱ्हाऊ दे, दुसरी टोळी बघतो."