माळ्यावरची बोटभर फट

पडदेवाल्या मावशींनी चौकातल्या नऊ घरांपैकी आठ घरांच्या खिडक्या मापल्या होत्या, आणि खिडकी मापायला गेलेल्या बाईला खिडकीपेक्षा बरंच काही दिसतं. कोणाकडे नवरा-बायकोच्या उशा दोन वेगळ्या खोल्यांत असतात, कोण कपाट भिंतीला का चिकटवून ठेवतं, कोणाकडे पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेला कप एकुलता एक आहे, हे सगळं त्यांना पाठ होतं. त्या सांगत नसत. म्हणजे आपणहून सांगत नसत. कोणी दोनदा विचारलं तर मात्र त्यांच्याने नाही म्हणवायचं नाही.

नववं घर घड्याळवाल्यांचं, मावशींच्या अगदी शेजारचं. त्यांना पडदे नको होते. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला उजेड लागतो, तो अडवायला पैसे कोण मोजेल? त्यामुळे तीस वर्षांत त्या घरात पाऊल टाकायला मावशींना कधी निमित्तच मिळालं नाही. निमित्ताशिवाय जायचं म्हणजे सुतारवहिनींच्या तोंडी पडायचं. नऊ घरांची ओळ घोड्याच्या नालासारखी वळलेली. वळणाच्या त्या टोकाला सुतारवहिनींची खिडकी, आणि तिथून सगळ्यांचे दरवाजे ताटात वाढल्यासारखे दिसायचे.

पण वरच्या माळ्यावर गोष्ट वेगळी होती.

नऊ घरांवर मिळून एकच लांब माळा. बांधणाऱ्याने मधल्या भिंती छतापर्यंत नेण्याचा कंटाळा केला आणि नुसत्या फळ्या ठोकून मोकळा झाला. मावशींचं शिलाई मशीन माळ्यावर, कारण छतातल्या काचेतून उजेड तिथेच पडायचा. घड्याळवाल्यांचं टेबलही त्याच कारणाने त्यांच्या माळ्यावर. दोघांच्या मध्ये ती फळ्यांची भिंत, आणि एका फळीतली लाकडाची गाठ कधीकाळी निसटून पडलेली. बोटभर भोक. त्यातून दिसायचं काही नाही. ऐकू मात्र सगळं यायचं.

घड्याळवाले काम करताना गुणगुणायचे. गाणं कुठलं ते मावशींना कधी ओळखता आलं नाही. ते धुक्यासारखं यायचं, कापडावर पसरायचं, सुईच्या मागोमाग चालायचं. दुपारी छताच्या काचेवर ढग सरकायचे, पडद्याचं निळं कापड मांडीवरून जमिनीपर्यंत वाहायचं, आणि मावशींना वाटायचं की आपण कुठल्यातरी संथ नदीच्या काठी बसलोय आणि पलीकडच्या काठावर कोणीतरी नाव दुरुस्त करतंय. मग एकदम गुणगुणणं तुटायचं. नेहमी अर्ध्यावरच. मावशी मनात म्हणायच्या, मेल्याला शेवट येत नाही वाटतं.

मग एका थंडीत नवा आवाज यायला लागला. टिण्ण. थोड्या वेळाने पुन्हा टिण्ण. त्यामागून खुर्ची सरकल्याचा आवाज, जमीन चाचपल्याचा, आणि एक सुस्कारा. मावशींना कळायला चार दिवस लागले. घड्याळाचे इवलेसे स्क्रू हातातून पडत होते. बोटं गारठत होती.

वाऱ्याला त्या घरांमध्ये कोणी परकं मानत नसे. तो खिडकीच्या चौकटीतून यायचा, स्वयंपाकघरातून फेरी मारायचा आणि शिडीने माळ्यावर चढायचा. लोक घरात कोट घालून बसत आणि ‘यंदा जरा जास्तच आहे’ असं दरवर्षी म्हणत. मावशींनी त्या थंडीत पहिल्यांदा एका काठीला रेशमाचा धागा बांधला आणि घरोघर निघाल्या. चौकटीजवळ काठी धरायची. धागा हलला की तिथे फट. सुतारवहिनींच्या खिडकीत धागा असा नाचला की वहिनींनाच लाज वाटली.

“अगं बाई! मग इतकी वर्षं मी ह्यांना उगाच बोलत होते, दार नीट लावत नाहीत म्हणून?”

“आणखी कशाकशासाठी उगाच बोलता ते बघायला पुन्हा येईन,” मावशी म्हणाल्या.

असं ते सुरू झालं. मावशींनी हे नेमकं कोणासाठी काढलं, ते कोणाला सांगितलं नाही. विचारलं बऱ्याच जणांनी, पण दोनदा कोणी विचारलं नाही.

नऊ घरांनी मिळून मंडळ काढलं. कागदावर त्याचं नाव भारदस्त होतं. तोंडी सगळे ‘भोकबुजवे मंडळ’च म्हणायचे. नगरपालिकेने मदत कबूल केली: दुहेरी काचेच्या खिडक्या, आणि चौकात नऊ घरांना मिळून एकच हीटर. खिडक्या लगेच बसल्या. हीटरसाठी अट एवढीच की प्रत्येक घर हवाबंद व्हायला हवं आणि तपासणीत उतरायला हवं. एक घर जरी गळकं निघालं तरी नऊही घरांची ऊब त्या घरातून पळून जाणार, म्हणजे हीटर नाही.

फटी बुजवायचं काम मंडळानेच अंगावर घेतलं, आणि सुतारदादांनी एक नियम घातला: आपलं घर आपण बुजवायचं नाही. शेजाऱ्यांनी बुजवायचं. स्वतःच्या घरात माणूस स्वतःला सवलत देतो, असं दादांचं म्हणणं. त्यांनी स्वतःच्या घरातला एक दरवाजा अकरा वर्षं ‘उद्या करतो’ म्हणून लटकत ठेवला होता, तेव्हा त्यांचा अनुभव दांडगा.

माळ्यासाठी जाड गाद्या हव्या होत्या. मावशींनी सगळ्यांकडून जुने कोट, स्वेटर, ब्लँकेटं मागवली, ती पिंजून गाद्या शिवल्या आणि त्या छताला आणि मधल्या फळ्यांना ठोकल्या गेल्या. कोणाचे कपडे कोणाच्या डोक्यावर गेले याची चर्चा दोन महिने पुरली. सुतारदादांचा लग्नातला कोट बेकरीवाल्या बाईंच्या माळ्यावर गेला, हे वहिनींना कळलं तेव्हा दादांना दोन दिवस कोरडी पोळी मिळाली.

नियम दोघांनी मोडला. मावशी म्हणाल्या, “माझ्या माळ्यावर गिऱ्हाइकांचं कापड पसरलंय, कोणी वर चढायचं नाही, माझं मी करीन.” घड्याळवाले म्हणाले, “टेबलावर शंभर सुटे भाग आहेत. एक हरवला तरी कोणाचंतरी घड्याळ गेलं. माझं मी करीन.” मंडळाने मान डोलावली. सुतारवहिनींनी मात्र भुवई वर केली आणि ती कितीतरी वेळ खाली आणली नाही.

मावशींनी आपल्या माळ्यावर गाद्या नेटक्या ठोकल्या. फळीतल्या भोकाशी आल्या तेव्हा हात थांबला. कात्री घेतली, गादीत बोटभर गोल कापला, कडा शिवून घेतल्या. काजासारखं देखणं भोक झालं. एवढ्याशाने काय होतंय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. इतरांच्या घरांतल्या फटी ज्या बाईने धाग्याने धरल्या, तिने आपल्या घरातली एक फट आपल्याच हाताने शिवून राखली.

तपासणीच्या दिवशी सकाळी तपासणीताई आल्या. तरुण, नम्र आणि नको तितक्या हुशार. त्यांनी दारात कापडी पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवला. पंखा घरात हवा कोंबत राहतो, आणि जिथे फट असेल तिथून ती बाहेर धावते. हातात बारीक धूर सोडणारी नळी. सात घरं उतरली. आठवं मावशींचं. सुतारवहिनी शिडी धरायच्या निमित्ताने माळ्यापर्यंत आल्या होत्या.

धूर छतापाशी स्वस्थ राहिला. खिडकीशी नुसता तरंगला, जणू त्यालाही झोप येत होती. मावशींच्या छातीत मात्र मशीन चालू होतं. ताई फळ्यांकडे वळल्या. धुराने मान वळवली, लांब झाला, रेशमाच्या धाग्यासारखा सरळ झाला आणि त्या सुंदर शिवलेल्या काजातून अलगद पलीकडे गेला.

पलीकडून खोकला आला. मग आवाज.

“बाई, तुमच्याकडे काही जळतंय का?”

ताईंनी भोकात बोट घालून पाहिलं.

“मावशी, हे तर तुम्ही कापून काज केलेलं आहे.”

“कापड जरा कमी पडलं,” मावशी म्हणाल्या.

“तुम्हाला?” वहिनी म्हणाल्या. “तुम्हाला कापड कमी पडलं?”

“बरं, तुमच्या बाजूचं कळलं,” ताई कपाळाला आठी घालत म्हणाल्या. “पण फळीच्या पलीकडेही गादी आहे ना? तिने धूर अडायला हवा होता. गेला कसा?”

मावशींनी मान वर केली. वहिनींनी तोंडावर हात ठेवला. फळीपलीकडे शंभर सुट्या भागांतला एकही हलला नाही.

“त्यांनीही ठेवलंय की हो!” वहिनी शिडीवरून इतक्या वेगाने उतरल्या की शिडी त्यांच्यामागून दोन पायऱ्या सरकली. ताई काही बोलण्याआधी चौकाला बातमी पोचलेली होती.

ताईंनी चिडून काही लिहिलं नाही. “दुपारी पुन्हा तपासते,” एवढंच म्हणाल्या. “दोन्हीकडून बुजवा. नाहीतर सगळ्यांचा हीटर अडकेल, मावशी. माझा नाइलाज आहे.”

मावशी एकट्याच माळ्यावर उरल्या. मांडीवर लोकरीचा बोळा. खाली चौकात नऊ घरांची माणसं होती: सुतारदादांची म्हातारी आई जी हातमोजे घालून जेवायची, बेकरीवाल्या बाई, सगळे. आणि इथे बोटभर जागा, जिच्यातून तीस वर्षं एक माणूस येऊन बसायचा. छताच्या काचेवरून ढग चालले होते. मावशींना वाटलं, बोळा लावला की ती नदी आटेल, पलीकडचा काठच राहणार नाही. आपण आणि मशीन, आणि टिकटिकसुद्धा न येणारी दुपार.

“बाई,” भोकातून आवाज आला. “आधी तुम्ही बुजवता की मी?”

मावशी दचकल्या. मग फळीजवळ सरकल्या. “बोटांना आता बरं आहे का?”

“बरं आहे. गाद्या लागल्यापासून थरथरत नाहीत. पण तुम्हाला कसं…”

“पंधरा दिवस एकही स्क्रू पडला नाही.”

“मोजत होतात?”

“ऐकत होते. मोजायचं काम घड्याळवाल्यांचं.”

ते हसले. हसणं पहिल्यांदाच आलं त्या भोकातून, आणि ते गुणगुणण्यापेक्षा तरुण होतं.

“एक विचारू?” मावशी म्हणाल्या. “ते गाणं नेहमी मध्येच का तोडता?”

“मी कुठे तोडतो? तुमचं मशीन थांबतं. ठेका गेला की मी काय करणार? पडदे जरा लांबीचे घेत चला.”

मावशींनी बोळा हातात फिरवला. गालावर ऊन होतं की काय कोण जाणे, गाल तापले होते. इतकी वर्षं त्या समजत होत्या की आपण एका काठावर बसून ऐकतोय. पलीकडेही कोणी तसंच बसलेलं होतं.

“घड्याळवाले, मागे व्हा,” त्या म्हणाल्या. “मी बुजवतेय.”

“बुजवा,” ते म्हणाले.

मावशींनी बोळा आत घातला, बोटाने दाबला, वरून गादीचा तुकडा ठेवला आणि शिवायला घेतलं. बारीक, जवळजवळ टाके. पाचव्या टाक्याला पलीकडची टिकटिक गेली, दहाव्याला खुर्चीचा आवाज. शेवटी दोरा दातांनी तोडला तेव्हा माळा इतका शांत झाला होता की त्यांना स्वतःचा श्वास बर्फासारखा हळूहळू खाली पडताना ऐकू आला. त्यांनी कान लावला. काही नाही. काम उत्तम झालं होतं.

दुपारी धूर फळीपाशी आला, जागच्या जागी घुटमळला आणि विरून गेला. दोन्ही घरं उतरली.

चौकात टाळ्या वाजल्या, कोणीतरी सुतारदादांना उचललं आणि लगेच खाली ठेवलं. मावशी त्या गर्दीत थांबल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला, आपल्या दारातून बाहेर पडल्या आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, सात पावलं चालून शेजारच्या दारावर थाप मारली. हातात माप घ्यायची फीतसुद्धा नव्हती.

घड्याळवाल्यांनी दार उघडलं. अंगाला अजून धुराचा वास होता.

“या,” ते म्हणाले, आणि दार लागताच चौक नाहीसा झाला.

नाहीसा म्हणजे, दिसत सगळं होतं. पडदा नसलेल्या त्या मोठ्या दुहेरी काचेतून मावशींना सुतारवहिनी अगदी समोर दिसत होत्या. तोंड भराभर हलत होतं, हात हवेत चालले होते, बेकरीवाल्या बाई कमरेवर हात ठेवून उत्तर देत होत्या, आणि आवाज कणभर नाही. काचेच्या बरणीतले मासे जसे. मावशींना हसू आलं. म्हणजे तिकडूनही असंच असणार. आयुष्यभर चौकाचं सगळं चौकाला ऐकू यायचं; आज पहिल्यांदा दोन माणसं काय बोलतात ते दोघांनाच ऐकू येणार होतं.

खोलीत एक टेबल आणि एक खुर्ची. घड्याळवाल्यांनी रुमालाने खुर्ची पुसली. “बसा.”

मावशी बसल्या. ते उभे राहिले, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

“तुमच्याकडे खाली खुर्ची एकच?”

“लागलीच नाही कधी दुसरी.”

“आता लागेल,” मावशी म्हणाल्या. “सुतारदादांना आजच सांगा.”

“आजच? एवढी कसली घाई?”

“तुम्ही रोज असेच उभे राहिलात तर मला सुधरायचं नाही.”

घड्याळवाल्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. “पण दादांना सांगितलं की वहिनींना कळणार.”

“कळू दे की,” मावशी खुर्चीत नीट रेलत म्हणाल्या. “खुर्ची केवढी हवी, तेवढं नीट मापून सांगा.”