भरदुपारची झेप

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरच्या वेधशाळेत टोरलाइव्हने एकवीस हिवाळे काढले. चुंबकसुईची लाकडी खोपटी सांभाळणे हे त्याचे काम. खोपटीला खिळे तांब्याचे. आत शिरणाऱ्याने सुरी, पट्ट्याचे बक्कल, सारे साठ पावलांवरच्या खांबाशी काढून ठेवायचे. बंदूकसुद्धा. लोखंड जवळ आले की सुई खोटे बोलते.

त्या हिवाळ्यात त्याचा सोबती ओड्वार खांबाशी बंदूक ठेवून निघाला आणि त्या साठ पावलांतच अस्वलाने त्याला गाठले. टोरलाइव्हने त्याला पोत्यात गोळा करून आणले.

दुसऱ्या दिवसापासून, सुईची हालचाल कागदावर उमटवणारा दिवा आणि घड्याळ बघायला रोज दुपारी तो बंदूक घेऊनच जाऊ लागला. खोपटीच्या भिंतीला टेकवून ठेवी. कुणाला बोलला नाही.

चाळीस दिवसांनी वेधशाळेतल्या संशोधक आस्लाउगबाईंनी त्याला हाक मारली. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सुटतो, पृथ्वीचे चुंबकत्व तो अडवते, एवढे त्यांनी त्याला पूर्वीच शिकवले होते.

"काका, हे बघा! वाऱ्यातलं चुंबकत्व आपल्या उलट दिशेचं आलं की दोन्ही जुळतात, कवच उघडतं. ध्रुवाजवळ भरदुपारच्या बाजूला फट असते, तिथून कण थेट खाली उतरतात. म्हणून सूर्य न उगवणाऱ्या या दिवसांत दुपारच्या काळोखात आभाळ तांबूस होतं. आणि नेमकी तेव्हाच सुई झेप घेते. चाळीस दिवस! सहा वर्षं थांबले होते मी."

कागदावरच्या झेपा त्याने पाहिल्या. सगळ्या सारख्या उंचीच्या.

गप्प राहिला असता तर कुणाला कळले नसते.

"बाई, तो सूर्य नाही. माझी बंदूक आहे."

"थट्टा करताय?"

"ओड्वारला उचलल्यापासून थट्टा सुचत नाही मला."

बाईंनी लाल पेन्सिल घेतली आणि एकेक कागद खोडत गेल्या. मध्ये काही खऱ्या झेपाही असतील. पण आता कोण निवडणार?

"माझ्या जागी दुसरा माणूस बघा," तो म्हणाला.

"जहाज मे महिन्यात येणार. तोवर?"

त्याने दाराशी टेकवलेल्या बंदुकीकडे पाहिले.

"खांबाशी बंदूक धरून मी उभी राहते," बाई म्हणाल्या.

"चालवता येते?"

"नाही."

"मग अस्वलाला विज्ञान शिकवा," असे म्हणून खोपटीकडे निघण्यासाठी त्याने पट्ट्याचे बक्कल सोडायला घेतले. ते सुटता सुटेना. शेवटी बाईंनीच वाकून सोडले.